आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल: १४ आठवड्यांत करंडकाची तयारी कशी लावावी? (सोलापूर)

क्रीडा विभाग, सोलापूर

नमस्कार. सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या मुलांच्या फुटबॉल संघाची जबाबदारी माझ्याकडे आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला १४ आठवडे उरलेत. यंदा करंडक आणायचाच, या हिशेबाने आखणी करते आहे, म्हणून इथल्या जाणकारांना विचारते.

सरावाला २४ मुलं येतात. गोली दोन, त्यातला एक तिसऱ्या वर्षाचा, दुसरा अगदी नवा. निम्मी मुलं वसतिगृहात राहतात, बाकीची जुळे सोलापूर, अक्कलकोट रोड आणि आसपासच्या गावांतून एसटीने येतात. मैदान काळ्या मातीचं आहे आणि क्रिकेटवाल्यांबरोबर वाटून घ्यावं लागतं. मधोमध त्यांची खेळपट्टी आहे, आणि एका गोलसमोर चांगलंच खोलगट झालंय. आठवड्यातून चार दिवस सकाळी ६ ते ७:३० आणि रविवार, एवढा वेळ आमचा.

गेल्या वर्षी तीन दिवसांत तीन सामने खेळावे लागले. उपांत्य सामना ०-० सुटला आणि टायब्रेकरवर (बरोबरीनंतरच्या पेनल्टी किकवर) बाहेर पडलो. तोवर दोघांचे हॅमस्ट्रिंग (मांडीमागचे स्नायू) गेले होते आणि त्यांच्या जागी खेळू शकेल असं राखीव मुलांत कुणी नव्हतं.

आठवड्यांची आखणी, मैदान, दुखापती, टायब्रेकर आणि कमी खर्चातलं खाणं-पाणी, या पाचांवर नेमकं सांगाल का? सर्वसाधारण सल्ला नको, आकडे आणि पद्धत हवी.


लेफ्ट बॅक विजापूर रोड

मॅडम, तीन दिवसांत तीन सामने, सगळी आखणी याच एका गोष्टीभोवती बसवा. लीगमध्ये एखाद्या दिवशी पाय चालले नाहीत तर पुढच्या आठवड्यात भरून काढता येतं. बाद पद्धतीत ती सोय नाही. शिवाय अंतिम सामना खेळायचा तो सर्वांत थकलेल्या दिवशी. म्हणून करंडकाला अकरा उत्तम खेळाडू पुरत नाहीत, शेवटच्या दिवशीही पळू शकतील असे सोळा लागतात. अंतिम सामन्याच्या तारखेपासून उलटं मोजत या.

पहिले चार आठवडे दमसास. पहिल्याच आठवड्यात दोन चाचण्या घेऊन वहीत नोंदवा: ३० मीटर जोरात धाव आणि यो-यो (बीपच्या वाढत्या वेगाबरोबर धावायची दमाची चाचणी). यो-योला २० मीटरवर दोन रेघा, सुरुवातीच्या रेघेमागे ५ मीटरवर एक कोन (प्लास्टिकचा शंकू). जाऊन-येऊन ४० मीटर झाले की १० सेकंदांत त्या कोनाला वळसा घालून परत उभं राहायचं. बीपचा आवाज मोबाइलवर मिळतो, फक्त स्पीकर मोठा लागतो. पाचव्या आणि दहाव्या आठवड्यात हेच पुन्हा. कुणाला काढण्यासाठी या चाचण्या नाहीत. कोण पुढे सरकत नाही, ते वेळेवर कळायला हवं.

मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावायची आपल्याकडची सवय सोडा. फुटबॉलमधली धाव तुटक असते: पाच-दहा मीटर जोर, मग चाल, मग पुन्हा जोर. त्यासाठी ४ विरुद्ध ४ हा छोटा खेळ ३५ × २५ मीटरच्या चौकटीत लावा. ४ मिनिटं खेळ, ३ मिनिटं हळू चालणं, असं चार वेळा, आठवड्यातून दोनदा. हा प्रकार दोन कारणांनी फसतो. मुलं जास्त म्हणून त्याच चौकटीत ७ विरुद्ध ७ लावलं, तर निम्मे उभेच राहतात. दुसरं म्हणजे बॉल बाहेर गेला की सगळे थांबतात. म्हणून चारही बाजूंना एकेक जादा बॉल ठेवा आणि बॉल गेला की तुम्ही लगेच दुसरा आत टाका. धाप लागून बोलणं अवघड झालं पाहिजे. गप्पा चालल्या असतील तर त्या खेळाचा उपयोग नाही.

पाचव्या ते नवव्या आठवड्यात संघाची मांडणी. मैदान खडबडीत आणि वेळ कमी, म्हणून मी ४-४-२ सांगेन: मागे चार, मध्ये चार, पुढे दोन. आखूड पासांचा खेळ कागदावर सुंदर दिसतो, पण उसळी वेडीवाकडी असलेल्या मैदानावर आपल्याच पेनल्टी बॉक्ससमोर बॉल पायाखालून सुटतो आणि गोल खावा लागतो. शेवटच्या फळीपासून पुढच्या दोघांपर्यंत ३० ते ३५ मीटर, आणि एका फळीतल्या दोघांत १० ते १२ मीटर, एवढं अंतर कायम राहिलं पाहिजे. बॉल डावीकडे गेला की आठही जण डावीकडे सरकतात, उजवा विंगसुद्धा मैदानाच्या मध्यापर्यंत येतो. हे आधी बॉल हातात धरून, चालत चालत करून घ्या. महाविद्यालयीन सामन्यांत बरेच गोल एकाच चुकीतून होतात: मधले दोघे एकाच वेळी वर जातात आणि स्टॉपरच्या (मधल्या बचावपटूच्या) पुढचं रान मोकळं पडतं. एक गेला तर दुसरा थांबणार, हा नियम दोन्ही मधल्यांना आणि दोन्ही साइड बॅकना सारखाच.

उंच बॉल हेडरला गेला की तो पडणार कुठे, तिकडे आधीच निघायचं. खडबडीत मैदानावर पहिल्या बॉलपेक्षा हा दुसरा बॉल ज्याच्या पायात जातो, तो संघ सामना ओढतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. अकराव्या आठवड्यात शुक्रवार, शनिवार, रविवार असे सलग तीन पूर्ण सामने खेळवा. पंढरपूर, बार्शी, सांगोला इथल्या महाविद्यालयांना बोलवा किंवा जा. तीन दिवसांत सोळाही जण खेळले पाहिजेत आणि कुणालाही तिन्ही सामने पूर्ण वेळ खेळवता कामा नये. तिसऱ्या दिवशी कुणाचा पाय बंद पडतो, कोण चिडतो, कोण गप्प होतो, ते इथे दिसेल. आणि वेळ लक्षात घ्या. तुमचा सराव सकाळी ६ ला, स्पर्धेतले सामने ११ ला किंवा दुपारी ३ ला. दहाव्या आठवड्यापासून रविवारचा सराव त्याच वेळेला न्या, नाहीतर मुलांचं अंग उन्हाला तयारच होत नाही.

बारावा आठवडा नेहमीसारखा. तेराव्यात सरावाचा वेळ एक तृतीयांशाने कमी, चौदाव्यात निम्मा. जोर मात्र तोच ठेवा. शेवटच्या आठवड्यात नुसतं हळू पळून घेतलं तर मुलं पहिल्या सामन्यात सुस्त उतरतात.

गोली सोडून प्रत्येकापुढे दोन जागा लिहून ठेवा: पहिली आणि पर्यायी. आठवड्यातला एक छोटा सामना पर्यायी जागेवरच खेळवा.

कागदपत्रांचं थोडक्यात. प्रवेशाची पावती, ओळखपत्र, दहावी-बारावीची गुणपत्रकं, मागच्या वर्षाचा निकाल, मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याचा दाखला, हे सगळं आठव्या आठवड्यात एका फाइलमध्ये हवं. अपात्र खेळाडूवरून तक्रार झाली तर जिंकलेला सामनाही हातचा जातो. सामन्याची वेळ, बदली खेळाडूंची संख्या आणि पिवळ्या कार्डांचा हिशेब विद्यापीठाच्या परिपत्रकातून स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.


फक्की-दोरी

मैदानाचं मी सांगतो. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडतात. आपल्याकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात, म्हणजे तुमचा सराव ऐन भरात असताना. तेव्हा पहिला नियम: बुटाला माती चिकटत असेल तर मैदानावर पाय ठेवायचा नाही. ओल्यात एक तास खेळलात की बुटांचे खळगे उमटतात, दोन दिवसांच्या उन्हात ते दगडासारखे वाळतात आणि पुढचे दोन आठवडे घोटे मुरगळत राहतात. अशा दिवशी बास्केटबॉल कोर्टवर किंवा हॉलमध्ये व्यायाम, कॉर्नरची मांडणी चालत चालत, आणि फळ्यावर चर्चा.

खोलगट भाग भरताना नुसता वरून मुरूम ओतू नका. नवा थर जुन्याला धरत नाही, महिन्याभरात पापुद्र्यासारखा सुटतो. आधी कुदळीने तळ ५ ते ७ सेंटीमीटर खणून मोकळा करा, मग बारीक मुरमाचा ५ सेंटीमीटरचा थर, पाणी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रोलर. ओल बरोबर आहे का, ते मुठीत कळतं: मूठ आवळली की गोळा व्हावा, अंगठ्याने दाबला की फुटावा. गोळा फुटलाच नाही तर रोलरला माती चिकटून वर येईल. गोळा झालाच नाही तर रोलर नुसता घरंगळेल, दाब बसणार नाही.

मापाचा हिशेब: १२ × ६ मीटर जागेत ५ सेंटीमीटरचा थर म्हणजे ३.६ घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. दाबल्यावर मुरूम बसतो, म्हणून एका गोलसमोरच्या एका थराला दीड ब्रास धरा. पाणी रोज येत नसेल तर ते ज्या दिवशी येतं त्याच्या आदल्या संध्याकाळी खणून ठेवा.

भेगांमध्ये बारीक वाळू आणि चाळलेली माती समसमान मिसळून भरा आणि धुमसाने ठोका. दर रविवारी सरावाआधी चार मुलं ओळीने मैदान चालून खडे वेचतील, एवढं लावून द्या. दहा मिनिटं लागतात.

क्रिकेटची खेळपट्टी आजूबाजूपेक्षा कडक असते. तिच्यावर टप्पा पडला की बॉल वेगाने आणि बुटका निघतो. ती मध्यवर्तुळाच्या आसपास राहील अशी आखणी करा, पेनल्टी बॉक्समध्ये येऊ देऊ नका.

आखणीसाठी १०० × ६४ मीटर माप चांगलं. नियमात लांबी ९० ते १२० आणि रुंदी ४५ ते ९० मीटर चालते. काटकोनासाठी दोरीला ३, ४ आणि ५ मीटरच्या बाजू पडतील अशा गाठी मारून त्रिकोण ताणायचा, आणि शेवटी दोन्ही कर्ण मोजायचे: प्रत्येक ११८ मीटर ७३ सेंटीमीटर यायला हवा. दोन्हींत फरक आला तर एक कोपरा सरकलाय. पेनल्टी बॉक्स खांबांच्या आतल्या कडेपासून १६.५ मीटर, म्हणजे एकूण रुंदी ४०.३२. पेनल्टीचा ठिपका ११ मीटरवर, मधलं वर्तुळ ९.१५ मीटर त्रिज्येचं. सगळ्या रेघा मिळून जवळपास ७०० मीटर होतात, तेव्हा फक्की त्या हिशेबाने आणा. चुना अजिबात वापरू नका. घसरलेल्या गुडघ्याला आणि डोळ्याला तो भाजतो.

बॉल पाच नंबरचा, घेर ६८ ते ७० सेंटीमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. हवेचा दाब ८.५ ते १५.६ पीएसआय नियमात बसतो, पण कडक मैदानावर १० च्या आसपास ठेवा. सकाळी १२ भरलेला बॉल दुपारच्या उन्हात तापला की १४ वर जातो आणि पायातून उडायला लागतो. काटा असलेला पंप घ्या. सुई ओली केल्याशिवाय घालू नका, व्हॉल्व्ह तिथेच फाटतो.

बूट: कडक मैदानावर आखूड रबरी स्टडचे, ज्यांत स्टडची संख्या जास्त असते. सहा लांब स्टडचे बूट इथे कामाचे नाहीत, तळव्याला फोड येतात आणि घोटा वळतो.


फिजिओ बाळीवेस

हॅमस्ट्रिंगबद्दल. तिसऱ्या दिवशी तो जातो, कारण थकलेला स्नायू पूर्ण ताणात असताना पायाला ब्रेक लावू शकत नाही. वर तो व्यायाम कधी झालेलाच नसतो. उपाय फुकट आहे: फिफा ११ प्लस नावाचा वॉर्मअप. एकूण १५ प्रकार, तीन भाग, साधारण २० मिनिटं. पहिला भाग ८ मिनिटं हळू धावण्याचे सहा प्रकार. दुसरा १० मिनिटं ताकद, तोल आणि उड्यांचे सहा प्रकार. तिसरा २ मिनिटं वेगाच्या धावा तीन. आठवड्यातून किमान दोनदा पूर्ण, तुम्हाला चार दिवस जमत असेल तर चारही दिवस. सामन्याच्या आधी मात्र फक्त पहिला आणि तिसरा भाग.

दुसऱ्या भागातला नॉर्डिक हॅमस्ट्रिंग हा प्रकार नीट करून घ्या. मुलगा गुडघ्यांवर उभा, साथीदार मागून दोन्ही घोटे जमिनीला दाबून धरतो. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत अंग फळीसारखं सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं, धरवत नाही तिथे हातांवर उतरायचं. पहिले काही आठवडे ३ ते ५ वेळा, मग ७ ते १०, शेवटी १२ ते १५. हमखास चूक म्हणजे कंबरेत वाकणं. कंबर वाकली की सगळा भार निघून जातो आणि मुलाला वाटतं जमलं. पहिल्या आठवड्यात मांड्या दोन-तीन दिवस दुखतील, तो त्याचा धर्मच आहे. पण म्हणूनच सामन्याच्या आदल्या दिवशी तो करायचा नाही, आणि स्पर्धेच्या आठवड्यात नव्याने तर मुळीच सुरू करायचा नाही.

स्नायू ओढला गेलाच तर पहिले ४८ तास मालीश नाही, शेक नाही, जोराने ताणणं नाही. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. थेट कातडीवर नको. परत खेळायला उतरवताना पायऱ्या पाळा: न दुखता चालणं, मग हळू पळणं, मग निम्मा वेग, मग तीन चतुर्थांश, मग पूर्ण. एक पायरी न दुखता झाली तरच दुसऱ्या दिवशी पुढची. ‘थोडं दुखतंय पण खेळतो’ म्हणणारा मुलगा पाच मिनिटांत बाहेर येतो आणि तुमचा एक बदल फुकट जातो.

घोटा मुरगळला तर चार पावलं टाकायला सांगा. टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर कळ आली, तर एक्स-रे काढल्याशिवाय काही नाही. डोक्याला मार लागून गरगरलं, गोंधळला, तर तो त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही. स्कोअर काहीही असो.

पाणी. २४ जणांना दीड लिटरप्रमाणे ३६ लिटर, म्हणजे २० लिटरचे दोन जार. साधं पाणी सरावाला पुरतं. उन्हातल्या सामन्याला मात्र १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ आणि लिंबू. हे चमचे छोट्या, चहाच्या चमच्याचे. मोठ्या चमच्याने मीठ पडलं तर उलटी होईल. सरावाआधी आणि नंतर वजन करा. ६० किलोचा मुलगा १.२ किलोने उतरला तर दोन टक्के पाणी गेलं, तिथून पुढे पाय जड होतात. जेवढं वजन घटलं त्याच्या दीडपट पाणी पुढच्या तीन-चार तासांत, थोडं थोडं करून.

खाणं. सामन्याआधी तीन ते चार तास पूर्ण जेवण: भात-वरण, किंवा इडली, किंवा पोहे. ज्वारीची भाकरी आणि कडक भाकरी सरावाच्या दिवसांत उत्तमच, पण त्यात चोथा जास्त, म्हणून सामन्याच्या सकाळी नको. शेंगा चटणीचंही तसंच, तेल आणि तिखट पोटात घोळत राहतं. ती रात्रीच्या जेवणाला ठेवा. सामना संपल्यावर अर्ध्या-पाऊण तासात दोन केळी आणि एक चिक्की, सोबत अर्धा लिटर दूध किंवा तीन उकडलेली अंडी. दुसऱ्या दिवशी पुन्हा सामना आहे, तेव्हा हाच अर्धा तास मुलं सेल्फी काढण्यात घालवतात आणि रात्री आठला जेवतात. क्रेट आधी भरून बाकाखाली ठेवा, शिट्टी वाजली की हातात द्या.


गोलपोस्टमागून

फक्की-दोरी यांचं बाकी सगळं पटलं, पण गोलसमोर मुरूम नको. मुरमावर गोली झेपावला की कोपर आणि मांडी सोलून निघते, आणि दोन वेळा सोललेला गोली तिसऱ्या वेळी झेपावत नाही, पाय घालतो. खालचा थर मुरमाचा ठेवा, वरचा ५ सेंटीमीटर चाळलेली माती आणि बारीक वाळूचा. तरीही सरावाला फुल पँट आणि कोपराचे पॅड घालायला लावा. नव्या गोलीला झेप शिकवताना आधी गुडघ्यावरून, मग उकिडवं बसून, मग उभ्याने. आणि आधी पडायचं ते बाजूच्या मांडीवर, कोपरावर नाही.

टायब्रेकरचा सराव सहाव्या आठवड्यापासून बुधवारी आणि रविवारी, सगळा सराव संपल्यावर, मुलं दमलेली असताना. सगळे मध्यरेषेवर उभे राहणार, ज्याचं नाव पुकारलं तो एकटा चालत येणार, एकच किक मारणार. दुसरी संधी नाही. चुकली तर चुकली, वहीत नोंद. नऊ आठवडे, दोन दिवस, म्हणजे प्रत्येकाच्या १८ किक नोंदलेल्या असतील: कोणती बाजू, किती उंच, काय झालं. मग ‘मी मारतो सर’ म्हणणाऱ्याचा आवाज न ऐकता वही बघून पाच नावं काढता येतात. मोठ्या स्पर्धांमध्येही चारांतल्या एका पेनल्टीचा गोल होत नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे एक चुकली की बाकीच्यांचे चेहरे पडत नाहीत.

दोन्ही खांबांपासून एक मीटर आत वरच्या दांड्याला सुतळी बांधून खाली सोडा. सुतळी आणि खांब यांच्यामधल्या पट्ट्यात बॉल गेला पाहिजे. मारायची बाजू बॉल ठिपक्यावर ठेवतानाच ठरवायची, धावताना बदलायची नाही. धावताना मन बदललं की बॉल गोलीच्या अंगावर जातो. आधाराचा पाय बॉलच्या बाजूला वीतभर अंतरावर. तो मागे पडला आणि अंग मागे झुकलं की बॉल दांड्यावरून जातो. आपल्या मैदानांवर ठिपक्याजवळची माती भुसभुशीत असते, तेव्हा आधार पाय पडणार ती जागा बुटाने दाबून घ्यायची. शिट्टी झाल्यावर एक पूर्ण श्वास, मग धाव.

नियम मुलांना पाठ हवेत. सामना संपताना जे मैदानात आहेत तेच मारू शकतात, म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत चांगला मारणारा बाकावर बसलेला नसावा. पाच-पाच झाल्यावर बरोबरी राहिली तर एकेक, आणि गोलीसह अकराही जणांचं झाल्याशिवाय कुणाची दुसरी पाळी नाही. तेव्हा यादी पाचची नको, अकराची करा. समोरच्याचा एक खेळाडू लाल कार्डाने गेला असेल तर तुम्हालाही एक कमी करावा लागतो. कोणाला वगळायचं तेही आधी ठरवा. गोलीने किक मारली जाईपर्यंत निदान एका पायाचा काही भाग रेषेवर, रेषेच्या वर हवेत किंवा मागे ठेवायचा. आधी पुढे सरकून अडवलं तर किक पुन्हा, पहिल्यांदा समज, नंतर पिवळं कार्ड.

आणखी एक. २०२५ पासून गोलीने हातात बॉल ८ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. आघाडीवर असताना वेळ काढायची जुनी सवय असलेल्या गोलीला हे रोज सांगा.


फक्की-दोरी

वरच्या थराची दुरुस्ती मान्य. वाळू नदीची बारीक घ्या, बांधकामाची क्रश सँड नको. तिच्या कडा धारदार असतात.


क्रीडा विभाग, सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. छापून कार्यालयात लावते आहे. एक राहिलं: कॉर्नर आणि फ्री किकवर आमचा गेल्या वर्षी एकही गोल झाला नाही. उंच मुलं दोनच आहेत. काय करावं?


लेफ्ट बॅक विजापूर रोड

दोन उंच मुलं पुरतात मॅडम, तिघांच्या धावा ठरलेल्या हव्यात. कॉर्नर तीनच ठेवा, त्याहून जास्त मुलांच्या लक्षात राहत नाहीत. पहिला: आत वळणारा बॉल, जवळच्या खांबासमोर गोल एरियाच्या (गोलसमोरच्या छोट्या चौकटीच्या) कडेवर. उंच मुलगा पेनल्टीच्या ठिपक्यावरून तिथे धावतो आणि नुसता डोक्याने मागे फ्लिक करतो. दुसरा उंच मुलगा दूरच्या खांबाकडे आधीच निघालेला असतो. दुसरा: बॉल दूरच्या खांबावर, तिथून हेडर परत गोलसमोर, जिथे बुटका पण चपळ मुलगा उभा. तिसरा: आखूड पास, परत पास, आणि बॉक्सच्या कोपऱ्यावरून क्रॉस. मारणारा हात वर करून खूण देतो: एक हात, दोन हात, किंवा हात कमरेवर.

उंच मुलांनी आधीपासून गोलसमोर उभं राहू नये. उभ्या माणसाला मार्क करणं सोपं असतं, धावत आलेल्याला अवघड. मारणाऱ्याचं पाऊल पडलं की धाव सुरू. त्याआधी निघालात तर बॉल येईपर्यंत तुम्ही खांबाच्या पुढे गेलेले असता. मागे दोन बॅक आणि बॉक्सबाहेर एक, हे तिघे कधीही पुढे जायचे नाहीत. कॉर्नरवर सुटलेला बॉल लांब मारून समोरचा संघ गोल करून जातो, हे महाविद्यालयीन सामन्यांत फार होतं.

स्वतःवर कॉर्नर असताना एक जण जवळच्या खांबावर, एक गोल एरियाच्या पुढच्या कोपऱ्यावर, बाकी माणसाला माणूस. मार्क करणाऱ्याने बॉल आणि माणूस दोन्ही दिसतील असं तिरकं उभं राहायचं, पाठ गोलकडे.

फ्री किक गोलपासून २० मीटरच्या आत, समोर असेल तर समोरच्याची भिंत ९.१५ मीटरवर येते. थेट मारायला एकच मुलगा नेमा आणि त्याला आठवड्यातून तीनदा प्रत्येकी १५ किक द्या, कोन मांडलेल्या भिंतीवरून. बाजूची फ्री किक असेल तर ती कॉर्नरच्या पहिल्या प्रकारासारखीच, फक्त ऑफसाइड लागू आहे हे धावणाऱ्यांनी विसरू नये. कॉर्नर, थ्रो-इन आणि गोल किक यांच्यावर थेट ऑफसाइड नसतो. म्हणून ज्याच्या हातात लांब थ्रो आहे असा एक मुलगा शोधा. १८-२० मीटर जात असेल तर तो तुमचा चौथा कॉर्नर. थ्रो टाकताना दोन्ही पाय जमिनीला, बॉल डोक्यामागून. दमल्यावर मागचा पाय उचलला जातो आणि थ्रो समोरच्या संघाला जातो, तेव्हा त्याचाही सराव सरावाच्या शेवटीच घ्या.